शेवटचा बोल्ट

शर्टाच्या खिशावर थाप मारून मिस्त्री मला म्हणायचा, "गुरुजी, गाडी गिऱ्हाइकाची, बोल्ट माजा."

"मिस्त्री बोल्ट द्यायलाच विसरला," असे आज सांगवीपासून इंदापूरपर्यंत छातीठोकपणे सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी एकही तिथे नव्हता. मी होतो. तेव्हा माझ्याकडून ऐका.

बारामतीच्या कडेला त्याची पत्र्याची शेड होती. जुन्या जीपची चासी, स्वतःच्या साच्यातून काढलेली फायबरची बॉडी, बाकी सारे भाग सुटे, अशी गाडी तो विकायचा. गिऱ्हाइकाने ते घरी न्यायचे आणि आपल्या हाताने जोडायचे. "जोडल्याबिगर गाडी आपली हुत न्हाय," हे त्याचे तत्त्वज्ञान. मात्र स्टिअरिंगच्या सांध्याचा बोल्ट तो कधीच देत नसे. त्याचे भोकही मुद्दाम आडमापाचे पाडी, बाजारातला बोल्ट नीट बसूच नये म्हणून. स्वतः जाऊन जोडणी तपासायची आणि मगच खिशातला बोल्ट पिळायचा. याला विसरणे म्हणतात?

लोक चेष्टा करत. "मिस्त्री, नवरीला मंगळसूत्र तुमीच घालणार व्हय?"

"घालणार न्हाय. पण भटजी मीच हाय!"

दसऱ्याच्या सकाळी इंदापूरकडच्या एका डाळिंब बागायतदाराचा फोन आला. मी शेडमध्येच बसलो होतो.

"मिस्त्री, गाडी जोडली. मुहूर्तावर काढतोय."

"बोल्टाबिगर?"

"बसवला की दुसरा. जरा ढिला हाय, पर चालतंय."

मिस्त्रीचा हात खिशावर गेला. थाप पडली नाही. "तात्या, पाया पडतो, गाडी हलवू नगा. मी निघालो."

त्याच्या मोटारसायकलवर मागे मी बसलो. वस्तीवर पोहोचलो, तेव्हा अंगणात चिरडलेले लिंबू आणि झेंडूच्या पाकळ्या होत्या. गाडी नव्हती.

"नातवंडं घिऊन देवाला गेल्यात," आतून बाई म्हणाली.

देवळाच्या वाटेवर, कालव्याच्या भरावावर, तात्यांची लाल गाडी समोरून आली. मिस्त्रीने मोटारसायकल टाकली आणि हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. तात्यांनी त्याला चुकवायला स्टिअरिंग फिरवले. स्टिअरिंग फिरले. चाके फिरली नाहीत.

नातवंडांना खरचटलेसुद्धा नाही. गाडी मिस्त्रीवर जाऊनच थांबली.

आता काही शहाणे म्हणतात, भोक आडमापाचे नसते तर साधा बोल्टही पक्का बसला असता. त्यांना मी चढ्या आवाजात उत्तर देतो. घरी आल्यावर मात्र जेवण जात नाही.

पण विसरला म्हणू नका. आम्ही त्याला उचलले, तेव्हा जीव उरला नव्हता; वर केलेला हात धुळीने माखून लोंबत होता. दुसरा खिशातल्या बोल्टावर घट्ट होता. तो सोडवायला तात्यांचे आणि माझे, दोघांचे बळ लागले.