आंब्याखाली न पेटलेला कापूस

आधीच सांगून ठेवतो — भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावणारा माणूस आहे मी. आमच्या ग्रुपवर कोणी "अनुभव" टाकला की खाली पहिली टिंगल माझीच असते. त्यामुळे आता तुम्ही माझी टिंगल केली तर मला राग येणार नाही. म्हणजे येईल... पण गप्प बसेन.

राहायला मी नागपुरात, बेसाला. नोकरी कारकुनी, पण जीव सगळा रानात. सुट्टी मिळाली की तंबू, चार मित्र आणि जंगलाकडेचं एखादं तळं. या मंडळीत माझं नाव "आगवाले भाऊ". ओल्या रानात विस्तव धरवावा तर मीच! लोक काय करतात, घरून रद्दी पेपर नेतात. अहो, पेपर हवेतली ओल पितो, नुसता धूर काढतो आणि काळा पडून बसतो. वाळकं गवत भस्सकन पेटतं, पण लाकडाला धग लागायच्या आत संपतं. पहिली काडी अशा वस्तूला लावायची, जी दमट असली तरी पेट घेईल आणि घेतल्यावर टिकेल. माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये घट्ट झाकणाची डबी कायम असते. तिच्यात पेट्रोलियम जेली चोळलेले कापसाचे बोळे, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, थोडा कापूर आणि मेण लावलेल्या काड्या. लायटरवर माझा भरवसा नाही. या डबीनं मला कधी दगा दिला नव्हता, भर पावसात चहा केलाय मी हिच्या जिवावर.

तर... मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी सासुरवाडी मौद्याकडच्या एका खेड्यात. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी सत्तरीचे, पण शेतावर रोज फेरी असतेच. त्या दिवशी जेवणं झाली आणि ते म्हणाले, "चला जावईबापू, हरभरा दाखवतो." माझी बायको स्वाती म्हणाली, "बाबा, आभाळ आलं आहे, आज राहू द्या न." मामाजी ऐकतील तर शपथ!

शेत नाल्याच्या पलीकडे. गाडी गावाच्या बाजूला लावली आणि रपट्यावरून चालत गेलो. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका सिमेंटचा रस्ता, पाणी वाढलं की बुडतो. हरभरा पाहिला, तूर पाहिली, आणि मग आभाळ फाटलं. आधी गारा, नंतर धो धो पाऊस. हिवाळ्यातला अवकाळी पाऊस ज्यानं अंगावर झेललाय त्याला ती थंडी सांगायची गरज नाही. कमी झाल्यावर परत निघालो, तर रपट्यावरून गढूळ पाणी वाहत होतं.

"घोटाभरच आहे, होऊन जाते," मामाजी म्हणाले. मी "थांबा" म्हणेपर्यंत दोन पावलं आत! तिसऱ्याला पाय सटकला.

मी मागून उडी घातली. कसं धरलं, कुठून बळ आलं, काही आठवत नाही. शेताच्याच बाजूला, बरंच खाली, एका मुळीला धरून बाहेर निघालो. माझा फोन गेला. मामाजींचा तर घरी चार्जिंगला होता. दिवस मावळायला आला होता आणि पलीकडे हाक ऐकायला चिटपाखरू नव्हतं.

मामाजी कुडकुडत होते, दात वाजत होते. "मले काही नाही झालं जी," म्हणत होते. काठावर एक जुना, गच्च आंबा आहे. त्याच्याखाली जमीन जवळजवळ कोरडी होती. तिथं बसवलं, ओले कपडे काढले, माझं पावसाळी जॅकेट आतून पुसून गुंडाळलं. आणि मग त्यांचं कुडकुडणं थांबलं.

रानात फिरणाऱ्याला हे ठाऊक असतं... थंडीनं कापणारा माणूस ऊब न मिळता कापायचा थांबला, तर ते बरं लक्षण नाही. जीभ जड झाली होती. ओठ निळसर. मी गालावर थापट्या मारत होतो आणि डोक्यात एकच — अंधार पडायच्या आत आग पेटली नाही, तर स्वातीपुढे तिच्या बापाचं मढं न्यावं लागेल.

डबी काढली. आतून कोरडी ठणठणीत! शेताच्या कडेला तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा ढीग रचलेला होता. धावत जाऊन त्याच्या पोटातून कवळभर कोरड्या तुराट्या ओढून आणल्या. आंब्याखाली रचल्या, खाली कापसाचा बोळा पिंजून ठेवला. काडी ओढली. छान पेटली. कापसाजवळ नेली... आणि विझली.

पानावरून थेंब पडला असेल. दुसरी ओढली, वरून हात धरला. कापसापासून बोटभर अंतरावर विझली. तिसरी, तशीच. वारा? बाप्पा, पान हलत नव्हतं! पाऊस थांबला होता आणि सगळं कसं गच्च दाबून धरल्यासारखं होतं. मी पालथा पडलो, दोन्ही हातांची ओंजळ केली. बोळ्यावर कापूर ठेवला. कापूर हो, काडी जवळ गेली की पेट घेणारा! पण काडी जवळ जायला तर पाहिजे. दर वेळी तेवढ्याच अंतरावर ज्योत आडवी व्हायची आणि जायची. आणि एक गोष्ट... त्या गोठवणाऱ्या थंडीत, काडी विझताना माझ्या बोटांना काहीतरी कोमट लागायचं.

"नका न..." मामाजी पुटपुटले. "नका न जी असं करू."

मला वाटलं, बरळताहेत. "बस झालंच मामाजी, पेटते आता," मी म्हणालो आणि पुढची काडी ओढली. विझली. शिव्या घातल्या मी — काडीला, आंब्याला, देवाला. आता डबीत मोजक्याच काड्या उरल्या होत्या. मला भयंकर भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा संताप जास्त येत होता.

त्या संतापातच उठलो. म्हटलं, गेली ही जागा चुलीत! मामाजींना काखेत धरून ओढत तुराट्यांच्या ढिगाकडे नेलं. तिथं वर उघडं आभाळ, पायाखाली चिखल. ढिगाच्या आडोशाला तुराट्या रचल्या आणि तोच बोळा, आंब्याखाली न पेटलेला तोच, खाली सरकवला. काडी ओढली. कापसानं पहिल्याच काडीला पेट घेतला. मी रडलो हो, खरंच सांगतो. ढिगातल्या तुराट्या एकामागून एक घालत गेलो. जाळ वर आला, मामाजी पुन्हा कापायला लागले आणि मग हळूच म्हणाले, "पानी द्या जी."

अंधार पडता पडता वरच्या पुलावरून फिरून माझा साळा गजू आम्हाला शोधत ट्रॅक्टर घेऊन आला. जाळ दिसला म्हणून नीट जागेवर आला. मामाजींना चादरीत गुंडाळून ट्रॉलीत बसवलं. त्यांचे कपडे आंब्याखालीच राहिले होते, ते आणायला आम्ही दोघं गेलो. गजूनं टॉर्च फिरवला, जरासा वर गेला, आणि त्यानं तो झटकन विझवला.

"भाऊजी," तो कुजबुजला, "बोलू नका. हळू हळू मांगं या."

"काय झालं?"

"आग्या मोहोळ आहे वर. तुमच्या डोक्यावरच."

टॉर्चच्या त्या झपक्यात मलाही दिसलं होतं. ज्या जागी मी तुराट्या रचल्या होत्या, बरोब्बर तिच्या वर, बुटक्या फांदीला, पाटाएवढं काळं काहीतरी लोंबत होतं. आणि ते हललं. अंगावर लाट आल्यासारखं, वरून खाली.

बाहेर आल्यावर गजू म्हणाला, "इथं जाळ केला असता तं... बाबा हालू शकत नोयते, अन् तुमी त्यायले सोडून पळाले नसते." गेल्या साली शेजारच्या शिवारात कोणी धूर केला म्हणून बांधलेला बैल माश्यांनी उभ्या जागी मारला होता.

घरी सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं. जावयानं जीव वाचवला! मी आपली कारणं शोधत होतो. नाल्यावरून हवेचा झोत येत असेल, काड्या दमट असतील... उरलेल्या काड्या बेसाला गच्चीवर भर वाऱ्यात ओढून पाहिल्या. एकही विझली नाही.

मामाजींना दवाखान्यातून आमच्याकडेच आणलं होतं. एका दुपारी स्वाती महाल भागात खरेदीला गेली होती. आम्ही दोघंच गॅलरीत बसलो होतो.

"जावईबापू, एक विचारू? राग तं नाही येनार?"

"विचारा न मामाजी."

"त्या दिवशी तुम्ही काड्या काहून विझवून राहिले होते जी?"

मी हसलो. "मी कशाला विझवू? आपोआप विझत होत्या त्या."

ते हसले नाहीत. "मी पाहून राहिलो होतो. तुम्ही काडी ओढत, कापसाजवळ नेत, मंग मान वर करून माह्याकडे पाहत. अन् फुंकर मारत. हर बार. मी नका नका म्हनत होतो, तुम्ही ऐकूनच नाही राहिले."

"मामाजी, तुम्ही भानावर नव्हते..."

"नसीन. पन मले वाटलं, आपला जावई आपल्याले मारून राहिला. पोरीले हे कोन सांगीन, येवढाच इचार होता डोक्यात." मग म्हणाले, "मंग गजूनं मोहोळाचं सांगतलं. मी म्हटलं, तुमाले दिसलं असन, म्हनून विझवलं. खरं सांगा, दिसलं होतं का?"

हो म्हणालो असतो तर तिथंच मिटलं असतं. पण त्या डोळ्यांपुढे खोटं बोलवेना. "नाही मामाजी. नव्हतं दिसलं."

"मंग काहून फुंकलं जी?"

डॉक्टर म्हणतात, अंग गार पडलं की डोकं काहीबाही दाखवतं. पटतं. पण बोटांना लागणाऱ्या त्या कोमट हवेचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आज तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय. मी फुंकल्याचं मला आठवत नाही. मामाजींनी ही गोष्ट स्वातीला सांगितलेली नाही, मीही नाही.

परवा संध्याकाळी इकडची लाइट गेली. मामाजी आलेले होते, समोरच बसले होते. मी मेणबत्ती काढली, काडी ओढली आणि सहज वर पाहिलं. त्यांची नजर काडीकडे नव्हती, माझ्या ओठांकडे होती. मी जळती काडी त्यांच्या हातात दिली आणि आत निघून गेलो.