पडद्यावरच्या मेणबत्त्या

तिचं नाव मला माहीत नाही, पण फुंकर विसरणार नाही.

तासगावच्या एका द्राक्षबागेत आम्ही धडधाकट माणसांची फुप्फुसं तपासत होतो. फुंकर मोजायच्या यंत्रातले 'नॉर्मल' आकडे परदेशी माणसांवरून ठरलेले. त्या मापानं इथली ठणठणीत माणसंही कमजोर दिसतात. म्हणून इथल्यांचं माप इथंच घ्यायचं होतं.

पन्नाशीची ती बाई पदर खोचून समोर बसली. नाकाला चिमटा लावताच गेंगाण्या आवाजात म्हणाली, "नथीची हौस फिटली म्हनायची!" बायका खिदळल्या.

"पडद्यावर मेणबत्त्या दिसतायत ना? नळीत जोरात फुंकून सगळ्या विझवा," मी म्हणाले.

तिनं तान्ह्या बाळाच्या डोळ्यावर घालावी तशी हलकी फुंकर घातली. दुसऱ्यांदा तीच गत. यंत्रानं तिला कमजोर ठरवलं. डोक्यावरून द्राक्षांचे क्रेट वाहणारी बाई कमजोर! मी चिडलेच. "मावशी, जोर का लावत नाही?"

तिनं चिमटा काढला. "आवं मॅडम, पेटती वात तोंडानं इजवू न्हाई."

मग मी पडदाच माझ्याकडे फिरवला. "ही नळी म्हणजे फुंकणी समजा. चूल विझत आलीय आणि पाहुणे दारात."

तिनं चिमटा परत लावला, छाती भरून घेतली आणि असं फुंकलं, की साऱ्या मेणबत्त्या एका दमात गेल्या. आकडा बघून मी टाळीच वाजवली.

"इजल्या न्हवं का?" तिनं धास्तावून विचारलं.

"छे! चूल पेटली."

"मग च्या ठेवा की. पावनं दारात हायती!"