एका बोटाएवढं तोंड

बुलढाण्यात दातांचा दवाखाना टाकून मला बारा वर्षं झाली. बाकावर पेशंट दाटीवाटीने बसायला लागले तेव्हा हाताला जरा जास्तच खात्री आली होती. त्याच काळात धाड गावाहून एक मावशी सुनेला घेऊन आल्या. त्या बाजारात भाजी विकायच्या. मावशींची खालची शेवटची दाढ पार किडली होती, गाल सुजला होता.

"तोंड उघडा, मावशी."

"हे काय, उघडलंच तं आहे," त्या म्हणाल्या.

तोंडात माझं एक बोट जेमतेम गेलं. आतून गाल पांढरट आणि ताठ, वाळलेल्या चामड्यासारखे. तंबाखूला त्या कधी शिवल्या नव्हत्या, पण सुपारीचं खांड वीस वर्षं दिवसभर गालात असायचं. तिखट सोसत नव्हतं म्हणून वर्षभर त्या दुधात कुस्करलेली भाकरी खात होत्या. आधीच्या दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं, की मोठ्या शहरात जाऊन पूर्ण भूल घेऊनच दाढ काढावी लागेल. त्याचीच त्यांना धास्ती होती.

मी गोळ्या देऊन सूज उतरवली. मग सांगितलं, "सुपारी आजपासून बंद. दर आठवड्याला गालात इंजेक्शन घ्यायचं. आणि रोज या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्ये धरून तोंड ताणायचं." आईस्क्रीमच्या काड्यांसारख्या त्या पट्ट्या. पहिल्या दिवशी आठच बसल्या आणि मावशींच्या डोळ्यांतून पाणी आलं.

चौथ्या आठवड्यात त्यांच्या कमरेच्या पिशवीत मला सुपारी दिसली. बाहेर गर्दी होती, मी वैतागलेली होते. सुनेसमोरच बोलले, "तुम्हाला बरं व्हायचंच नसेल तर माझा वेळ कशाला घालवता?"

त्या उठल्या आणि सुनेला घेऊन निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. सुनेला फोन केला तर ती म्हणाली, "आत्याबाई नाही म्हणतात." रागावणं माझ्या कामाचाच भाग आहे, असं मी स्वतःला समजावत राहिले, पण ते काही पटेना.

शेवटी बाजाराच्या दिवशी दवाखाना दुपारपर्यंत बंद ठेवून धाडला गेले. मावशी मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होत्या. मला पाहिलं आणि मान वळवली. दोन गिऱ्हाइकं झाल्यावर म्हणाल्या, "काऊन आल्या?"

"चुकलं माझं. सुनेसमोर बोलायला नको होतं."

त्यांनी जुड्या नीट रचल्या. मग हळूच म्हणाल्या, "दिवसभर इथं एकटीच बसून राह्यते, बाई. तोंडात काही नसलं तं जीव लागत नाही. मले काय मरायची हौस आहे?"

इतक्या दिवसांत मी हे विचारलंच नव्हतं. दोघींनी मिळून त्याच्यावर तोड शोधली. सुपारीऐवजी भाजलेलं जवस, चिमूटभर, हवं तेव्हा. पहिला पंधरवडा त्यांचं डोकं दुखलं, चिडचिड झाली, एकदा सुपारी खाल्लीही. ते त्यांनी आपणहून सांगितलं आणि या वेळी मी फक्त पुढची तारीख दिली. पट्ट्यांचा व्यायाम त्या दुकानावरच पदराआड करायच्या.

पाचव्या महिन्यात एकोणीस पट्ट्या बसल्या. अजून पुरतं तोंड उघडत नव्हतं, पण हत्यार आत जात होतं. दाढ मी जागा बधिर करून, तिचे दोन तुकडे करून काढली. तासभर लागला. मधे चार वेळा थांबून त्यांचा जबडा शेकला. मावशींनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, पण 'पुरे' म्हणून एकदाही खूण केली नाही. शेवटचं मूळ निघालं आणि मी जखमेवर कापूस दाबून धरला.

गालांचा ताठरपणा पूर्ण जाणार नाही, आणि असल्या तोंडात पुढे कॅन्सर होऊ शकतो, हे मी त्यांच्यापासून लपवलं नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी. अजून एकही तारीख त्यांनी चुकवलेली नाही. मागच्या खेपेला बाजारातल्या दोघी जणींना बरोबर घेऊन आल्या. दोघींच्याही गालात सुपारी होती. मी काही बोलायच्या आत मावशी त्यांना म्हणाल्या, "थुकून या बाहीर. इथं कोनी रागावत नाही." मग माझ्याकडे वळल्या, "काल ठेचा खाल्ला. झोंबला जरासा, पन खाल्ला."

मी दिवा ओढला आणि त्यांचे गाल तपासायला घेतले.