राजाच्या सोबतीला ऊ फो म्या

पिन्जी या जुन्या राजधानीच्या तटाला असलेल्या दक्षिण वेशीतून जाताना हॉर्न वाजवायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. वेशीतच राजाचं ठाणं, म्हणजे कधीकाळी मेलेल्या राजाची देवळी. वर्दी न देता आत गेलेलं त्याला खपत नाही. मी हॉर्न वाजवला, शिवाय एक हात सोडून नमस्कार ठोकला आणि उरलेल्या हाताने मोटारसायकल थेट राजाच्या पाण्याच्या रांजणावर घातली. नमस्कार अर्धाच झाला. रांजण मात्र पुरता फुटला.

ठाण्यामागून ऊ फो म्या आले. लुंगी वर खोचलेली, तोंडात विझलेला चिरूट. त्यांनी आधी रांजण पाहिला, मग मोटारसायकल, सगळ्यांत शेवटी मला.

"शाळेतले मास्तर ना तुम्ही?"

"हो, काका."

"तरीच. पोरं अशी का, ते आज कळलं."

शिक्षा झाली: नवा रांजण, आणि सात दिवस तळ्यावरून कावडीने पाणी.

त्या सात दिवसांत माझे खांदे सोलले आणि काका कळले. तटाच्या आत राहणारे ते एकटेच. पूर्वी साठ घरं होती. मग उत्खननवाल्यांना लोकांच्या चुलींखाली राजांची मडकी सापडली आणि सरकारने गाव उचलून तटाबाहेर ठेवलं. चहाचं दुकान गेलं, पाठोपाठ कुत्रीही गेली. काका राहिले, कारण राजाला सोबत करायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे.

हा शेवटचा राजा. शत्रू आला म्हणून स्वतः वेस लावायला धावला आणि वेशीचाच सागवानी अडसर डोक्यात पडून गेला. असा गेलेला माणूस पुढे सरकत नाही, पडला तिथेच बसतो. आणि तिन्हीसांजेला त्याला एकटं वाटतं म्हणतात.

म्हणून दिवेलागणीला काका ठाण्यासमोर बसून तेवीस राजांची नावं घेत. तट बांधणारा, अकरा दिवस गादीवर टिकलेला, फणसाचे गरे खाऊन मेलेला. प्रत्येक नावानंतर जरा थांबत, मी वर्गात हजेरी घेताना थांबतो तसे. 'हजर' कुणीच म्हणत नसे. तेविसावं नाव ते हळू घेत. तो समोरच बसलेला ना.

तडिंजूच्या सणाला, पुनवेच्या दिवशी, मोठ्यांच्या पाया पडायला लेकरं घरी येतात. मीही काकांकडे गेलो होतो. काकांची मुलगी मा न्वे मांडल्याहून आली. तिचं तिथे शिलाईचं दुकान. पाया पडून उठली ती थेट त्यांची बोचकी बांधायलाच लागली.

"बाबा, या खेपेला न्यायलाच आलेय. तिकीट दोघांचं काढलंय."

"राजाला विचारतो."

ठाण्यापुढे कलिंगडाएवढा गुळगुळीत दगड आहे. मनात प्रश्न धरून तो उचलायचा. हलका लागला तर होकार, जड लागला तर नकार. काका वाकले. मानेच्या शिरा फुगल्या, तोंड लाल झालं. दगड तसूभर हलला नाही.

"नको म्हणतोय."

"मग त्यालाही घेऊन चला! मशीनशेजारी फळी ठोकून देते."

"मशीनची खडखड नाही सोसायची त्याला."

मा न्वे हसली आणि हसता हसता रडली. दुपारच्या बसने एकटीच गेली. शेजारची सीट तिने कुणाला दिली नाही म्हणे, वर पिशवी ठेवली. काका धुरळा बसेपर्यंत रस्त्यात उभे होते, आणि बसल्यावरही. मग खराटा घेऊन अंगण झाडू लागले. मला राहवेना.

"काका, पाणी भरायला यायचो ना, तेव्हा रोज बघायचो. तो दगड तुम्ही एका हाताने काखेत मारता आणि खालची पानं झाडता."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"झाडताना मी काही विचारत नाही."