एका पाटीपायी चार संग्रहालयं

"आई, कुठे जायचंय ते एकदाचं सांग," असं लेकीनं फोनवर विचारलं, आणि काकूंनी ताडकन सांगितलं, "तुझ्या बाबांच्या कचेरीची संग्रहालयं बघायला." लेक हसत सुटली. समुद्र सोडून, डोंगर सोडून या बाईला पेंढा भरलेले पक्षी बघायचेत! पण साठी उलटलेल्या आईनं जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, म्हणून तिनं शोधून शोधून एक सहल काढली. तीन दिवस, एक बस, चार संग्रहालयं: दोन प्राणी-पक्ष्यांची, एक विज्ञानाचं, एक दगडांचं. काका मात्र त्या दिवसापासून गप्प गप्प होते. "तिथे आता काय बघायचंय," एवढं मात्र दोनदा म्हणाले.

काय बघायचंय ते काकांना चांगलं ठाऊक होतं. ते नोकरीला होते संग्रहालयांच्या मुख्य कचेरीत, पाट्या लिहायला. काचेच्या कपाटात हाडापुढे, अंड्यापुढे, दगडापुढे पुठ्ठ्याची छोटीशी पाटी असते ना, हे अमुक आहे, इथे राहतं, हे खातं, ती. चारही संग्रहालयांच्या पाट्या काकांच्या एका टेबलावरून जायच्या. अक्षर असं, की छापखान्यानं तोंड लपवावं. आणि ऐन पंचेचाळिशीत काकांचा उजवा हात कापायला लागला.

साहेबांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी उचलून गोदामात टाकलं असतं. मग पाट्यांची यादी पिशवीतून गुपचूप घरी यायला लागली. दुपारची भांडी आवरली की काकू स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायच्या, पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं दोन बारीक रेघा मारायच्या, कट निबचा टाक शाईत बुडवायच्या आणि लिहायला बसायच्या. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, एका दमात. एक-दोन नाही, चौदा वर्षं. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरावर तिघांनी भाषणं ठोकली आणि त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत काकूही होत्या, तिसऱ्या रांगेत. घरी आल्यावर त्यांनी हूं की चूं केलं नाही.

आणि यातली खरी गंमत पुढेच आहे. इतक्या प्राण्यांची नावं लिहिणाऱ्या या बाईनं त्यातला एकही बघितलेला नव्हता. काका नेतच नसत. बोलता बोलता कुणापुढे काही निसटलं तर, ही धास्ती. आता नोकरी संपून बारा वर्षं झाली, साहेबही निवर्तले, आता कसली धास्ती? काकूंना एवढंच हवं होतं, की आपल्या हातची एक तरी पाटी काचेमागे उभी असलेली या डोळ्यांनी बघावी. बस्स. बाकी हत्तीचा सांगाडा गेला खड्ड्यात.

पहिलं संग्रहालय चांगलं तीन मजली होतं. सहलवाला पिवळी छत्री उंच धरून पुढे पळायचा आणि शिट्टी फुंकायचा. "मावशी, मागे राहू नका!" मावशी मागे राहणारच, कारण सगळे माना वर करून जिराफ बघत होते आणि ही बाई प्रत्येक कपाटापुढे वाकून खालची पाटी बघत होती. वाकायचं, बघायचं, गुडघ्यावर हात टेकून उठायचं. सगळ्या पाट्या पांढऱ्याफेक प्लॅस्टिकच्या, छापील, वर हिरवी पट्टी. अस्वलापासून फुलपाखरापर्यंत एकजात.

"अहो, ह्या सगळ्या बदलल्या?"

"बदलणारच की," काका म्हणाले. "किती वर्षं झाली." काकूंना मघापासून जे कळत होतं ते काकांनी बोलून टाकलं, म्हणून काकूंना काकांचाच राग आला.

विज्ञानाच्या संग्रहालयात तर पाटी नावाची जातच नामशेष झाली होती. जिकडे बघावं तिकडे पडदे. बटण दाबलं की पडद्यातून एक बाई बोलायची, आणि चाळीस बटणं चाळीस जणांनी दाबली की काय होतं ते विचारू नका. वाकड्या आरशापुढे सहलीतली मंडळी स्वतःची पोटं बघून खिदळत होती. काकूंच्या पायांचे तुकडे पडले होते. काका एका लांबलचक लंबकासमोरच्या बाकावर बसले आणि त्याच्या येरझाऱ्या बघता बघता पेंगायला लागले. काकूही शेजारी टेकल्या. चपला काढून पाय चोळत त्यांना वाटलं, उगाच आलो. घरी पडून राहिलो असतो तर निदान पाय तरी शाबूत असते.

दुसऱ्या दिवशी दगडांचं संग्रहालय. इथे थोडी आशा होती, कारण दगड काय बदलत नाहीत, मग पाट्या तरी कशाला बदलतील? अभ्रक, गारगोटी, चुनखडी. हे शब्द लिहून लिहून काकूंच्या बोटांना पाठ झाले होते. पण दालनाला नुकताच रंग दिलेला, वास नाकात जात होता, आणि दगडांपुढे पुन्हा तेच प्लॅस्टिक, तीच हिरवी पट्टी. दारावर एक पहारेकरी स्टुलावर बसला होता. काकूंनी त्यालाच गाठलं.

"इथे पूर्वी पुठ्ठ्याच्या पाट्या होत्या ना हो, हातानं लिहिलेल्या?"

"त्या होय? त्या गेल्या रद्दीत. पोतं भरून होत्या." माणूस भला होता, हसून सांगितलं त्यानं.

बसमध्ये काकूंनी खिडकीला डोकं टेकलं. चौदा वर्षांच्या दुपारी पोत्यात भरून गेल्या. झोपता आलं असतं त्या दुपारी. शेजारणीकडे जाऊन चार गप्पा हाणता आल्या असत्या. रडावंसंही वाटेना, इतका शीण आला होता.

"अगं, मनाला लावून घेऊ नकोस," काका हळूच म्हणाले. "माझं तरी नाव कुठे राहिलंय?"

"तुमच्या नावाचं घड्याळ टिकटिकतंय घरी भिंतीवर," काकू खिडकीतून तोंड न वळवता म्हणाल्या.

चौथं संग्रहालय तिसऱ्या दिवशी, परतीच्या वाटेवर. दुमजली जुनी इमारत, आत आपल्या सहलीशिवाय पाच-सहा माणसं. खाली मासे आणि साप, वर पक्षी. सहलवाल्यानं चाळीस मिनिटं दिली आणि निम्मी मंडळी समोरच्या चहाच्या दुकानाकडे वळली. "वर जिना आहे," काका म्हणाले, "राहू दे." त्यांना खरोखरच काकूंच्या गुडघ्यांची काळजी होती, की आणखी एकदा तोंड पडलेलं बघायचं नव्हतं, कोण जाणे. काकू कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या. काका मुकाट्यानं मागून आले आणि वर पोचताच बाकावर बसले.

वरही प्लॅस्टिकच. काकू आता वाकतही नव्हत्या, उभ्यानंच हिरव्या पट्ट्या बघत पुढे सरकत होत्या. खिडकीपाशी शेवटचं कपाट होतं. त्यात हिरवी पट्टी दिसेना. पिवळा पडलेला एक पुठ्ठा होता. काकूंनी चष्मा पुसला आणि वाकल्या.

'रंगीत पाणलावा.' त्यातला तो ल! उजवीकडची गोलाई जराशी मोठी, कितीही सांभाळलं तरी त्यांच्या हातून मोठीच यायची. काकूंच्या तोंडून हाकच निघाली, "अहो! अहो, लवकर या इकडे!"

काका धडपडत आले. त्यांनी पाटीकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. "तुझंच गं," ते कुजबुजले. "जशीच्या तशी!" आणि खिशातून फोन काढून फोटो घ्यायला लागले. हात कापत होता, फोटो हलत होता, पुन्हा घेत होते.

काकूंनी पाटी डोळे भरून बघितली. कुठे शाई फुटली नव्हती, शिरोरेघ सुतासारखी सरळ. मग त्यांनी, तीन दिवसांत पहिल्यांदाच, पाटीमागचा पक्षी बघितला. एक नव्हे, दोन होते. एक तांबूस-काळा, झगझगीत, मान ताठ करून उभा. दुसरा मळकट, गवतात बसलेला, खाली चार अंडी. पाटीवर लिहिलं होतं: १, रंगीत, नर. २, फिकट, मादी. बरोबर. ही पाटी काकूंना आठवत होती, अगदी नीट आठवत होती, कारण यादीत ते उलटं आलं होतं. रंगीत मादी आणि फिकट नर! तोवर काकूंनी शेकड्यांनी पक्षी लिहिले होते. मोर घ्या, बदक घ्या, रंगीत तो नर, हे त्यांना आता यादी न बघताही कळायचं. साहेबांच्या हातून झालं असेल घाईत, म्हणून त्यांनी लिहिताना सुधारून टाकलं होतं. संध्याकाळी काका घरी आल्या आल्या म्हणाल्या होत्या, "आज मी तुमच्या साहेबांची चूक काढली." काका हसले होते, "वा! तू तर साहेबांची साहेब झालीस." तो दिवस काकूंनी मनात जपून ठेवला होता. चौदा वर्षांत तेवढा एकच दिवस असा, की लिहिणाऱ्या बाईला आपल्याला काहीतरी कळतं असं वाटलं होतं.

कपाटाशेजारी भिंतीवर एक नवाकोरा फलक होता. 'उलट्या संसाराचे पक्षी.' काकू सहज वाचायला लागल्या. रंगीत पाणलाव्यात मादी भडक रंगाची असते, नर फिकट. अंडी घालून मादी निघून जाते, अंडी उबवतो नर, पिल्लंही तोच वाढवतो. त्यांनी पुन्हा वाचलं. साहेबांचं काही चुकलं नव्हतं. काकूंनी स्वतःच्या हातानं सरळ ध चा मा केला होता.

तेवढ्यात एक माणूस लेकीला कडेवर घेऊन आला. त्यानं फलकाकडे ढुंकूनही बघितलं नाही, पाटी वाचली. "हे बघ, हे बाबा, रंगीत रंगीत. आणि ही बघ आई, अंड्यांवर बसलीये." मुलीनं बोट नाचवलं, "आई!" आणि दोघं पुढच्या कपाटाकडे गेली.

काकूंना वाटलं, कुणीतरी आपल्या तोंडून खोटं वदवून घेतलं. काकांनाही आता फलक वाचून झाला होता. त्यांनी काकूंचा दंड धरला. "अगं, जाऊ दे. इतक्या वर्षांत कुणाला कळलं नाही, आता काय कळतंय. सांगितलंस तर हीसुद्धा जाईल."

"मला कळलंय ना," काकू म्हणाल्या.

दालन सांभाळणारी मुलगी पलीकडे काचा पुसत होती. काकूंनी तिला बोलावून दाखवलं. ती एकदा पाटी वाचायची, एकदा फलक, मग पक्षी. "अगंबाई, खरंच की! सहा वर्षं ही काच पुसतेय मी. फलक मागच्याच महिन्यात आलाय, पण दोन्ही एकाखाली एक ठेवून वाचलं कुणी?" तिनं किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कपाट उघडलं. "आमच्या साहेबांनी ही एकच ठेवली होती, अक्षर सुंदर म्हणून. कुणी जुने पाटीवाले होते म्हणे, फार नावाजलेले. त्यांच्या हातून अशी चूक? कमाल आहे बाई."

काका पाटीकडे बघत उभे राहिले.

"चूक त्यांची नाही," काकू म्हणाल्या. "ही पाटी मी लिहिलीये."

मुलीला काही उमगेना. जन्मात हे वाक्य काकू पहिल्यांदा उच्चारत होत्या, आणि तेही चूक पदरात घेण्यासाठी. याहून चांगला दिवस काही त्यांच्या वाट्याला आला नाही.

मग काकांनी आपला कापणारा उजवा हात मुलीपुढे धरला. "तो पाटीवाला मीच," ते म्हणाले. "हा हात असा झाला, तेव्हापासून सगळ्या हिनं लिहिल्या. चौदा वर्षं. मी कुणाला सांगितलं नाही." आणि काकूंकडे न बघता पुढे म्हणाले, "सांगायला हवं होतं."

खालून सहलवाल्याची शिट्टी ऐकू आली. मुलीनं पुठ्ठ्याच्या चार टाचण्या नखानं एकेक करून उपटल्या आणि पाटी हातात घेऊन विचारलं, "काकू, मग तुमच्या हातच्या आणखी पाट्या असतील ना? कुठे आहेत सांगा, म्हणजे त्याही तपासून घेऊ."

"नाही गं बाई," काकू म्हणाल्या. "चारही ठिकाणी बघून आले. एवढीच उरली होती."