आकड्याला टाळ्या

शाळेसमोर गाड्यांचा वेग दाखवणारे दिव्यांचे बोर्ड लागले, तेव्हा मी पंचावन्न-छप्पनची होते आणि मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. आता सत्तरी जवळ आली. खात्री गेली, तब्येत बरी आहे.

आमचं गाव कन्नड मुलखात, मंठाळ आणि मुडबीच्या मधलं. घरं रस्त्याच्या एका अंगाला, शाळा दुसऱ्या. पूर्वी त्या रस्त्यानं आमची मेंढरं निवांत चालायची. बस आली तर बसच थांबायची. मग डांबर गुळगुळीत झालं आणि माणसं कोंबून नेणाऱ्या जीपा आणि लांबून येणारे ट्रक सुसाट पळू लागले. मुलगा आणि सून हैदराबादला बांधकामावर होते. दुसरीतली नात माझ्याजवळ. एका जीपनं शाळेपुढंच कुणाचं तरी वासरू उडवलं, ते मुलाच्या कानावर गेलं आणि त्याचा फोनवर एकच धोशा सुरू झाला.

"अव्वा, पोरीला इकडं आणतो."

"आणून काय पत्र्याच्या खोलीत कोंडतोस? हितं शाळा हाय, मी हाय."

"आणि रस्ता?"

मी चुलीवरच्या दुधाचं निमित्त काढून फोन ठेवला. पोर गेली असती तर घरात मी आणि दहा-बारा मेंढरं. मेंढरं बरी असतात, पण गोष्ट सांगितली तर मध्येच उठून जातात.

तेवढ्यात ते बोर्ड आले. शाळेच्या दोन्ही बाजूंना एकेक खांब, वर उन्हावर चालणारी पाटी, खाली काळा चौकोन. गाडी आली की तिचा वेग लाल आकड्यांत दिसायचा. तीसच्या आत चालवा, असंही लिहिलं होतं. मी लगेच फोन लावला. "काळजी करू नगस. आता बोर्ड बसला."

"बोर्ड गाडी थांबवतो व्हय?"

"मग काय शोभेला बसवलाय?" म्हणाले. असं ठासून बोलायची मला फार हौस होती.

पण आमच्याकडं जत्रेत दगड उचलायचा असो की लिलावात नारळाची बोली असो, आकडा मोठा तो जिंकला. बोर्डाचंही लोकांनी तसंच धरलं. जीपवाले शाळा आली की उलट जोरात दाबायचे. पोरं फाटकात उभी राहून कन्नडमध्ये ओरडायची, "ऐवत्तु! अरवत्तु!" पन्नासाला टाळ्या, साठाला जास्त टाळ्या. आणि नातीला सोडायला गेलेली ही शहाणी बाई? ती पोरांच्या मध्ये उभी राहून सगळ्यांत जोरात टाळ्या पिटायची. चाळीसवरच रेंगाळणाऱ्या एका फटफटीवाल्याला तर मी म्हणाले, "काय रे, गाडीचे गुडघे दुखायलेत का?"

एका सकाळी जीप आली ती थेट बहात्तर. मी टाळ्या वाजवल्या, वर शिट्टी घातली. जीप पुढं जाऊन करकचून थांबली आणि खांद्याला पिशवी लावलेला माझा मुलगा खाली उतरला.

"अव्वा! कामून टाळ्या वाजवायलीस?"

"बहात्तर आलं की रे! एवढा मोठा अजून कुणाचाच आला न्हाई."

"त्या बहात्तरात मी बसलो होतो."

नात पटकन म्हणाली, "अप्पा, मी न्हाई वाजवल्या. आज्जीनंच." तिचे तळहात लालभडक होते.

मुलानं खांद्यावरची पिशवी सावरली. "परवा हिला घेऊन निघतो," म्हणाला.

त्या संध्याकाळी मेंढरं घरी आणताना एडका उधळला आणि रस्त्याकडं पळाला. मी "हुर्रर्र, हाऽऽ" केलं, तसा तो मान खाली घालून वळला. एडक्याला वळवायची ही हाक आमच्या भागात कुणालाही कळते. माणसाला घातली तर भांडण होतं. मी तिथंच उभी राहून हसले.

दुसऱ्या दिवशी फाटकात पोरांना सांगितलं, "आजपास्नं तीसच्या आत येईल त्याला टाळ्या. जास्तवाल्याला एडक्याची हाक." पोरांना काय, ओरडायला मिळालं की झालं. तीच कालची जीप पंचावन्नवर आली आणि सगळी शाळा एका दमात ओरडली, "हुर्रर्र, हाऽऽ!"

आत बसलेली माणसं खदखदून हसली. एक बाई म्हणाली, "अण्णा, तुला वळवायलेत बघ!"

डायवर उतरून आला. "एडका कुणाला म्हणलीस?"

"मी कशाला म्हणू? त्या आकड्याला इचार."

दुपारी तोच परतला तो सव्वीसवर, खिडकीतून मान बाहेर काढून. टाळ्या घेऊनच पुढं गेला.

मुलगा समोरच्या चहाच्या टपरीवरून हे सगळं बघत होता. रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "ट्रकवाले ऐकायले न्हाईत, अव्वा."

खरं होतं. परमुलखाच्या ट्रकवाल्यांना आमचा एडका काय ठाऊक? "ट्रकाचं मी बघते. हात धरून पलीकडं नेईन."

"रोज?"

"व्हय."

"सुटतानाबी?"

"व्हय म्हणलं की."

"आणि टाळ्या?"

"हात धरल्यावर टाळी कशानं वाजवू?"

तो नातीकडं बघून हसला आणि दुसऱ्या दिवशी एकटाच निघाला. जीप शाळेपुढून गेली तेव्हा बोर्डावर एकोणीस आलं. पोरांनी फाटक दणाणून सोडलं. मुलगा खिडकीतून वाकून आमच्याकडं बघत होता. टाळ्यांकडं नाही, माझ्या हाताकडं. नातीची बोटं मी घट्ट धरली होती.

"आज्जी, दुखायलंय," ती म्हणाली.

जीप वळणाआड जाईपर्यंत मी सोडली नाहीत.