रिकाम्या दोरीला आलेले झटके

आमच्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी कापतात. उतारा, करणी, नजर... यातलं मी काहीच कधी मानलं नाही, आणि आजही मानते असं म्हणणार नाही. या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत हसायला वाचत आले. त्यामुळे माझ्यावर कोणी हसलं तर माझी तक्रार नाही, फक्त शेवटपर्यंत वाचा.

आधी जागा सांगते. मी वाशिमची. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही आणि मी काम करते पाणबुड्यांच्या विभागीय संघात! हे ऐकलं की माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघतात. पण समुद्र नसला तरी विहिरी आहेत, शेततळी आहेत, लघुप्रकल्प आहेत, आणि त्यात बुडणारी माणसंही आहेत. रिठद, मंगरूळपीर, मानोरा... ठिकठिकाणी लोकांनी स्कुबाचे छोटे क्लब काढलेत. कोणी बुडालं की पोलिसांचा फोन यांनाच. एरवी विहिरीत पडलेली मोटर काढ, विसर्जनाला काठावर उभं राहा, अशी कामं. संघ या क्लबांना ट्रेनिंग देतो, सामान पुरवतो, दुरुस्त करून देतो. सिलिंडरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर मी चालवते.

आमचं पाणी जाहिरातीतल्यासारखं निळं नसतं. काळ्या मातीचा गाळ... थोडं खाली गेलं की स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून पाणबुड्याच्या कमरेला दोरी असते आणि दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. त्याला आम्ही दोरीवाला म्हणतो. खालून एक झटका म्हणजे ठीक आहे. लागोपाठ चार म्हणजे अडकलो, माणूस पाठवा. दोरीवाल्यानं गप्पा मारायच्या नाहीत, फोन घ्यायचा नाही, मनगटाला वेढा घ्यायचा नाही आणि दोरी कशालाही बांधायची तर मुळीच नाही. बांधली की झटका कोणालाच कळत नाही.

माझा धाकटा भाऊ दिनेश मंगरूळपीरच्या क्लबात होता. त्याचा दोरीवाला ठरलेला — युसूफभाई. दुसऱ्या कोणाच्या हातात दोरी असली तर दिनू पाण्यात पायही घालायचा नाही.

मागच्या वर्षी संघानं त्या क्लबाला नवं सामान दिलं. त्याचा कार्यक्रम मानोऱ्याकडच्या एका लघुप्रकल्पावर ठेवला होता. नाव मुद्दाम लिहीत नाही. तलाव भरला तेव्हा तिथल्या बाभळी न तोडताच पाण्याखाली गेल्या, एवढं सांगते. दिनू प्रात्यक्षिकासाठी उतरला. मी वर रस्त्यालगतच्या शेडमध्ये कॉम्प्रेसरपाशी होते. पुढचं सगळं युसूफभाईंनी आणि काठावरच्या लोकांनी त्या दिवशी सांगितलेलं.

आमच्या संघाचे अध्यक्ष मनोहरराव कॅमेरेवाल्याला घेऊन त्यांच्याजवळ आले.

"दे ते दोरी इकडं. फोटो निघू दे जरा."

"साहेब, दिनू खाली हाय."

"म्हणून तर म्हणतो! अध्यक्ष हाओ मी, दोरी धरता येते मले. तू खुर्च्या लाव, पाहुणे येऊन राह्यले."

युसूफभाईंनी दोरी दिली. फोटो निघाले. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी दिसली आणि साहेबांनी दोरी काठावर उभ्या असलेल्या जीपच्या हुकाला गुंडाळली, गाठ मारली, नि हार घेऊन पुढे गेले. युसूफभाई खुर्च्या टाकून परत आले तेव्हा हुकाला बांधलेली दोरी ताणलेली होती. ते बोंबलत पळाले. दोन जण उतरले. दिनूला बाभळीच्या फांद्यांतून सोडवून वर आणलं तोवर सगळं संपलं होतं.

चौकशीत मनोहरराव म्हणाले, "दोरी शेवटपर्यंत माझ्याच हातात होती. झटका आलाच नाही. पोरगा पिऊन उतरला होता."

माझ्या भावानं आयुष्यात दारूला हात लावला नाही. पोस्टमॉर्टेममध्येही थेंब निघाला नाही. पण कागद कोण वाचतो? जिल्हाभर फिरलं ते पिण्याचंच. युसूफभाईंनी खरं सांगितलं तर लोक म्हणाले, हा स्वतःचं झाकून राह्यला. ज्यांनी जीपच्या हुकाला दोरी पाहिली होती त्यांना अचानक काही आठवेना... संघाकडून सामान पाहिजे ना पुढेही! आईनं भजनाला जाणं सोडलं. बाया तिच्यासमोरच पोरांना सांगायच्या, पिऊन पाण्यात उतरू नका रे, दिनूचं काय झालं पाहा.

सगळे म्हणाले, सोड ती नोकरी. मी सोडली नाही. मला त्या माणसाला सगळ्या क्लबांच्या देखत खोटं पाडायचं होतं. कसं, ते माहीत नव्हतं. रोज त्याला चहा नेऊन दिला, रोज मनात त्याचं वाटोळं चिंतलं. बदला हा शब्द वाचायला वाईट वाटतो, पण मला तोच पाहिजे होता आणि मी तो गोड शब्दांत लपवणार नाही.

यंदा हिवाळ्यात संघाचा मेळावा त्याच तलावावर ठरला. जागा खुद्द साहेबांनीच निवडली. माणसाला किती निर्लज्ज होता येतं, ते त्या दिवशी कळलं.

सकाळची कोवळी उन्हं होती, वारा नव्हता, पाणी एकदम शांत. सगळ्या क्लबांचे लोक काठावर बसलेले, कोणीही पाण्यात उतरलेलं नव्हतं — हे लक्षात ठेवा. कार्यक्रमाची सुरुवात साहेबांच्या प्रात्यक्षिकानं: दोरी कशी धरावी! खरंच. त्यांनी दोरीच्या टोकाला एक वीट बांधून पाण्यात दूर फेकली, समजा हा पाणबुड्या. आणि कॅमेऱ्यासाठी पोझ घेताना काय केलं असेल? मनगटाला मस्त वेढा घेतला. मी सामान वाटायला बाजूलाच उभी होते, माझ्या हातात आमचा दोरी कापायचा चाकू होता.

"तर मंडळी, दोरी हा पाणबुड्याचा जीव असतो," साहेब म्हणाले.

तेवढ्यात दोरीला झटका बसला.

ते हसले. "मासा दिसते मोठा." लोकही हसले. मग परत झटके बसले. चार, लागोपाठ. मग थांबलं. पुन्हा चार. तिथे बसलेल्या प्रत्येकाला तो इशारा पाठ होता. हसणं बंद झालं. युसूफभाई माझ्या शेजारी होते, त्यांच्या तोंडून फक्त "या अल्लाह" एवढंच निघालं.

साहेब वेढा सोडवायला गेले आणि दोरी ताणली गेली. मी कसं सांगू... ओढत नेणं म्हणजे झोंबाझोंबी असते ना, तसं काही नव्हतं. सावकाश, एकसारखं. घोट्यापर्यंत पाणी, मग गुडघ्यापर्यंत. चार-पाच जण धावले, कोणी शर्ट धरला, कोणी कंबर. तेही सगळे त्यांच्यासोबत पुढे सरकायला लागले. कमरेइतकं पाणी झालं तसे साहेब लहान मुलासारखे रडायला लागले.

"बाई! चाकू! कापा ना, कापा लवकर!"

मी साडी सावरत पाण्यात गेले आणि त्यांच्या तोंडासमोर उभी राहिले. चाकू हातात घट्ट होता. हात पुढे केला असता तर चाकू पोचेल इतकी दोरी जवळ होती.

"साहेब, दिनूची दोरी कुठं होती?"

"बाई, पाया पडतो तुमच्या..."

"कुठं होती?"

पाणी छातीला लागलं. मागून युसूफभाई ओरडले, "ताई, कापा हो! मरंल तो!" मी चाकू पुढे केला नाही. खरं सांगते, मला त्या क्षणी बरं वाटत होतं. वर्षभरात पहिल्यांदा.

"जीपले!" साहेब किंचाळले. "जीपच्या हुकाले बांधली होती मी! माह्या हातात नोती! तो पेलेला नोता, मी खोटं बोललो... मी खोटं बोललो!"

दोरी सैल पडली. लगेच. धरणारे सगळे पाठीवर आपटले. चाकू मी वापरलाच नाही.

युसूफभाईंनी दोरी ओढून घेतली. टोकाला काय निघेल, ते बघत मी पाण्यातच उभी राहिले. वीट निघाली. गाठ तशीच, फांदीचा काटा नाही, शेवाळ नाही. पीस असल्यासारखी अलगद आली.

नंतर खूप तर्क निघाले. बाभळीत अडकली म्हणावं तर बाभूळ ओढत नाही. कालव्यात सोडलेल्या पाण्याची ओढ म्हणावं तर गेट बंद होतं, पाटबंधारेवाल्यांना मी स्वतः विचारलं. मासा म्हणावं... तर चार मोजून थांबणारा मासा मला दाखवा. मनोहरराव म्हणतात, मी भीतीनं काहीबाही बोललो. बोलू दे. कार्यक्रमाचं शूटिंग चालू होतं, ते आम्ही पोलिसांत दिलंय, आणि जीपचा हुक पाहिलेल्यांना आता सगळं आठवायला लागलंय. पिण्याची गोष्ट आता गावात कोणी काढत नाही. आईच्या दारात येऊन बाया डोळे पुसून गेल्या. तिनं एकीलाही बस म्हटलं नाही.

खाली काय होतं, मला माहीत नाही. मी अजूनही भूतबित मानत नाही, पण त्या सकाळचं माझ्याकडे उत्तर नाही. ज्याच्याकडे असेल त्यानं सांगावं.

शूटिंग मी आईला मोबाईलवर दाखवलं. दोरी सैल पडते तिथपर्यंत तिनं ते पाहिलं. मग म्हणाली, "सोडलं त्यानं त्याले?"

"हो आई."

"लय भोळं होतं माह्यं लेकरू," ती म्हणाली. "मी नसतं सोडलं."

मीही नसतं सोडलं.